मामांची झिंकची गोळी आणि नातवाची सर्दी

जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी विचारलं आहे: मुलगा चार वर्षांचा. बालवाडीत जायला लागल्यापासून दर महिन्याला सर्दी-खोकला. सासरे, म्हणजे मामा, 68 वर्षांचे, मधुमेही. कोविडपासून रोज 'झिंक 50' घेतात आणि "तेव्हापासून मला साधी शिंक आली नाही" असं सांगतात. ताईंना स्वतःला रक्त कमी असल्यामुळे लोहाच्या गोळ्या चालू आहेत. आता मामांचा आग्रह आहे की घरातल्या सगळ्यांनीच झिंक सुरू करावं, नातवाला सिरप आणावं. द्यावं का, किती द्यावं, किती दिवस?

ताई, आधी सरळ उत्तर. मुलाला रोजचं सिरप नको. तुम्हाला आत्ता नको. मामांची गोळी थांबवायला हवी आणि त्यांचं एक रक्त तपासायला हवं. घरात झिंक ठेवायचंच असेल तर मुलाच्या जुलाबासाठी एक पाकीट ठेवा, तिथे त्याची खरी गरज आहे.

आता कारणं. सोलापुरात दवाखाना चालवायला लागून मला 28 वर्षं झाली, आणि झिंकच्या बाबतीत मी उलटाच कारभार बघतो. जुलाब झालेल्या पोराला 14 दिवस द्यायची गोळी आई तिसऱ्या दिवशी बंद करते, कारण "शी घट्ट झाली की डॉक्टर". आणि ज्याला काहीच झालेलं नाही तो धडधाकट माणूस सकाळच्या चहानंतर वर्षानुवर्षं गोळी गिळतो. "डॉक्टर, रोज एक घेऊलालोय, इम्युनिटीला बरं असतंय की." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल त्याला मोजदाद नाही.

झिंक म्हणजे आपलं जस्त. बादलीचं, पत्र्याचं. शरीरात ते सगळं मिळून दोन-तीन ग्रॅमच असतं, पण तीनशेहून जास्त एन्झाइम्स त्याच्यावाचून चालत नाहीत. पेशी विभागायची म्हटली की झिंक लागतं. म्हणून जिथे पेशी भराभर तयार होतात तिथे तुटवडा आधी जाणवतो: कातडी, आतड्याचं अस्तर, वाढतं मूल, आणि प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते, टी पेशी तिथे तयार होऊन बाहेर पडतात. या ग्रंथीचं थायम्युलिन नावाचं संप्रेरक झिंकचा अणू जोडल्याशिवाय कामच करत नाही. झिंक कमी पडलं तर ग्रंथी आक्रसते, टी पेशी घटतात, जंतुसंसर्ग वारंवार होतो. इथपर्यंत मामांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

पुढची उडी चुकते. कमी पडलं तर प्रतिकारशक्ती घटते, म्हणून जास्त घातलं तर वाढेल, असं होत नाही. आणि चरबीत जीवनसत्त्व साठावं तसं झिंक कुठे साठवूनही ठेवता येत नाही. आज चार दिवसांचं खाल्लं म्हणून पुढचे चार दिवस भागत नाही.

आमच्याकडे येणाऱ्या बागायतदारांना हे मला समजावून सांगावं लागत नाही. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत जस्त असलं तरी पिकाला सहज मिळत नाही. पानं लहान राहतात, शिरांमधला भाग पिवळा पडतो, मग शेतकरी जिंक सल्फेट टाकतो. पण जाणता शेतकरी आधी माती तपासतो. शिवाय स्फुरद वारेमाप टाकलं की पिकाला जस्त मिळेनासं होतं, हेही त्याला ठाऊक असतं. माणसाच्या आतड्यात असाच प्रकार जस्त आणि तांब्याचा आहे. मामांच्या गोळीची गोष्ट तिथेच येते, थोड्या वेळाने सांगतो. (एक मात्र आधीच सांगून ठेवतो: कृषी सेवा केंद्रातलं जिंक सल्फेट खायचं नसतं. हसू नका, एकाने खरंच विचारलं होतं.)

झिंकची कमतरता माणसाला होऊ शकते हे जगाला कळलं त्याला फार काळ झालेला नाही. बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद 1958 मध्ये इराणच्या शिराझ शहरात काम करत होते. तिथे त्यांच्यापुढे 21 वर्षांचा एक रुग्ण आला, दिसायला दहा वर्षांचा. उंची खुंटलेली, वयात आलेला नाही, रक्त अगदी कमी. खाणं म्हणजे जवळजवळ नुसती बेखमीर रोटी, आणि वर माती खायची सवय. 1961 मध्ये अशा रुग्णांवरचा त्यांचा लेख छापून आला, आणि पुढे इजिप्तमधल्या कामातून यामागे झिंकची कमतरता आहे हे त्यांनी दाखवून दिलं. धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचा घटक असतो, तो झिंकला धरून ठेवतो आणि आतड्यातून आत जाऊ देत नाही. रोटीत झिंक होतं, पण पोरांना मिळत नव्हतं.

हे वाचून तुम्ही परातीतल्या पिठाकडे संशयाने बघाल म्हणून लगेच सांगतो. आपली भाकरीही बेखमीरच, आणि ज्वारीतही फायटेट आहे. पण आपण नुसती भाकरी खात नाही. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 2 मिलिग्रॅम झिंक असतं, बाजरीत त्याहून थोडं जास्त, डाळी आणि शेंगदाण्यात 3 च्या आसपास, मटणात 4 च्या आसपास आणि ते चांगलं अंगी लागणारं, तिळात 7 च्या घरात. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी करणाऱ्या बायांना फायटेट माहीत नव्हतं, पण ताट बरोबर होतं. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांनी फायटेट फुटतं. म्हणून मोडाची मटकी, ताकात आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबील, इडली-डोसा हे सगळं झिंकच्या दृष्टीने नुसत्या पिठापेक्षा सरस. कडक भाकरी आणि शेंगा चटणीवर दुपार काढणारा माणूस बिस्किट-चहावर काढणाऱ्यापेक्षा कितीतरी बरा. दवाखान्यात मला जी मुलं कमी पडलेली दिसतात ती भाकरी खाणारी नसतात. ती दिवसभर बिस्किटं, कुरकुरे आणि दूध यांवर असतात. दुधात झिंक फारसं नसतं, एका पेल्यात एक मिलिग्रॅमसुद्धा नाही.

डाळिंबाचंही विचारतात. आपल्याच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने 'सोलापूर लाल' नावाचा वाण काढला, त्यात लोह आणि झिंक नेहमीच्या डाळिंबापेक्षा जास्त आहे. चांगली गोष्ट. पण 100 ग्रॅम दाण्यांत ते 0.6 ते 0.7 मिलिग्रॅम एवढंच. डाळिंब जरूर खा, झिंकची गोळी म्हणून खाऊ नका.

गरज किती? आपल्या देशासाठी 2020 मध्ये ठरवलेलं प्रमाण मोठ्या पुरुषाला दिवसाला 17 मिलिग्रॅम, बाईला 13.2, गरोदरपणी 14.5, चार ते सहा वर्षांच्या मुलाला 4.5. आणि वरची मर्यादा मोठ्या माणसाला 40. हा 40 चा आकडा ताटातलं आणि गोळीतलं मिळून आहे, तो लक्षात ठेवा.

आपल्याकडे कमतरता नाहीच असं मात्र समजू नका. 2016 ते 2018 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 1 ते 4 वर्षांच्या मुलांपैकी 19 टक्क्यांत आणि 10 ते 19 वयोगटात 32 टक्क्यांत झिंक कमी सापडलं. म्हणजे दर तीन किशोरवयीन मुलांत जवळजवळ एक. म्हणून मी गोळीच्या विरोधात नाही. जुनाट जुलाब, आतड्याचे आजार, दारूने बिघडलेलं यकृत, पोटाची मोठी शस्त्रक्रिया, वाढ खुंटलेलं मूल, तोंडाभोवती आणि बुडाशी न हटणारं पुरळ, न भरणारी जखम, अन्नाची चव जाणं, अशा वेळी मी स्वतः झिंक लिहितो. नखांवरचे पांढरे ठिपके मात्र या यादीत नाहीत. ते बहुतेक वेळा नखाला कुठेतरी लागल्याचे असतात.

"मग रक्तातलं झिंक तपासूनच टाकू की." ही तपासणी वाटते तेवढी सरळ नाही. अंगातल्या एकूण झिंकपैकी रक्तद्रवात असतो हजारातला एखादा भाग. त्यातून, ताप आला की शरीर स्वतःच रक्तातलं झिंक काढून यकृतात नेऊन ठेवतं. का? कारण जंतूंनाही वाढायला झिंक लागतं. घरावर दरोडा पडणार म्हटल्यावर दागिने आत हलवावेत तसं. शिवाय संसर्ग झालेल्या जागी जमलेल्या पांढऱ्या पेशी कॅलप्रोटेक्टिन नावाचं प्रथिन सोडतात, ते आजूबाजूचं झिंक पकडून जंतूंची उपासमार करतं. मला हा भाग फार आवडतो. आपण तापात झिंक ओतायला बघतो आणि शरीर त्याच वेळी ते लपवत असतं! म्हणून तापात किंवा खोकल्यात केलेल्या तपासणीत झिंक कमी दिसलं तर ती कमतरता आहे असं लगेच म्हणता येत नाही. मूल बरं असताना, तेही शंका घ्यायला कारण असेल तरच तपासावं.

आता तुमचा मुलगा. बालवाडीत नव्याने जाणाऱ्या मुलाला वर्षाला सहा ते आठ सर्द्या होणं हे सामान्य आहे, आणि त्यातल्या बहुतेक पावसाळ्या-हिवाळ्यात एकापाठोपाठ येतात. म्हणून आईला वाटतं की पोर कायमच आजारी. दोन सर्द्यांच्या मध्ये तो पूर्ण बरा होतो का? वजन-उंची वाढते आहे का? खेळतो का? तिन्हीला हो असेल तर त्याची प्रतिकारशक्ती आपलं काम शिकते आहे. रात्री घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल तर ॲडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागच्या गाठी, बघायला हवेत. पहाटे कोरडा खोकला, धाप, छातीत शिट्टी असेल तर दमा. या दोन्हींवर झिंकचा उपयोग नाही, आणि सिरपच्या भरवशावर राहिलात तर निदान लांबतं. लसी आणि सहा महिन्यांनी जंताची गोळी चुकलेली नाही ना, तेवढं बघा.

सिरपचा हिशोबही करून बघा. बाजारातल्या अनेक झिंक सिरपमध्ये 5 मिलीत 20 मिलिग्रॅम असतं, कारण ते जुलाबासाठी केलेलं असतं. ज्या वयाची रोजची गरज साडेचार आहे त्याला रोज 20, आणि तेही महिनोन् महिने. मळमळ, उलटी, जेवण कमी. मग आई भूक वाढवायचं सिरप मागायला येते.

सर्दीवर झिंकचं काय, याचं 2024 मध्ये एक मोठं परीक्षण झालं, कोक्रेन या संस्थेचं. 34 चाचण्या, साडेआठ हजारांवर माणसं. सर्दी टाळायला झिंकचा फारसा उपयोग दिसला नाही. सर्दी झाल्यावर घेतलं तर ती दोनेक दिवस लवकर आटपत असावी, पण पुरावा कच्चा, आणि तोंडाची चव बिघडणं, मळमळणं जास्त. नाकात टाकायचं झिंक मात्र कुणी देऊ केलं तर हात लावू नका. त्याने वास घेण्याची शक्ती गेल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2009 मध्येच लोकांना सावध केलं होतं.

मग जुलाबाचं काय? तिथे चित्र वेगळं आहे. जुलाबात आतड्यातून झिंक वाहून जातं, आणि फाटलेलं अस्तर दुरुस्त करायला तेच लागतं. दिल्लीत लहान मुलांवर झालेला अभ्यास 1995 मध्ये छापून आला, झिंक दिलेल्या मुलांचे जुलाब लवकर आटोक्यात आले होते. असे बरेच अभ्यास जमल्यावर 2004 पासून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ओआरएससोबत झिंक द्यायला सांगतात. आपल्याकडे पद्धत अशी: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज 10 मिलिग्रॅम म्हणजे अर्धी गोळी, आईच्या दुधात विरघळवून. सहा महिन्यांच्या पुढे पाच वर्षांपर्यंत रोज 20 मिलिग्रॅमची एक गोळी, चमचाभर स्वच्छ पाण्यात विरघळवून. 14 दिवस. आशाताई ओआरएसच्या पुड्यांसोबत हे 14 गोळ्यांचं पाकीट देतात ते यासाठीच. जुलाब थांबले तरी 14 पूर्ण करायच्या, कारण पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याचा धोका त्याने कमी होतो. ज्या गावात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि घरोघरी पिंप भरून ठेवलेलं असतं, तिथे ही गोळी तिसऱ्या दिवशी बंद करणं परवडत नाही. उलटी झाली तर घाबरू नका, थोड्या वेळाने ओआरएस चमच्या-चमच्याने चालू ठेवा. भारत आणि टांझानियात झालेल्या, 2020 मध्ये छापलेल्या चाचणीत 5 आणि 10 मिलिग्रॅमनेही जुलाबावर जवळजवळ तेवढंच काम झालं आणि उलट्या कमी झाल्या, त्यामुळे फार ओकणाऱ्या मुलाला डॉक्टर मात्रा कमी करून देऊ शकतात. पण ते तुम्ही मनाने ठरवू नका, आणि झिंक दिलं म्हणून ओआरएस विसरू नका. जीव वाचवतं ते पाणी-मीठ-साखर.

तुमच्या लोहाच्या गोळ्या. लोह आणि झिंक एकाच वेळी रिकाम्या पोटी घेतले तर एकमेकांच्या वाटेत येतात. तुमचं आत्ताचं काम हिमोग्लोबिन वर आणण्याचं आहे, त्यात अडथळा कशाला? पुढे कधी झिंक लागलंच तर दोन्हींत दोन-तीन तासांचं अंतर. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखं अँटिबायोटिक चालू झालं तरी झिंक त्याच्याबरोबर घ्यायचं नाही, नाहीतर अँटिबायोटिकच वाया जातं.

राहिले मामा. त्यांना "तुमचं चुकलं" असं म्हणू नका, कारण कोविडमध्ये मी स्वतः शेकडो चिठ्ठ्यांवर झिंक आणि व्हिटॅमिन सी लिहिलं आहे. तेव्हा हाताशी दुसरं फारसं नव्हतं. पुढे 2021 मध्ये अमेरिकेतली 214 रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. त्रास निम्म्यावर यायला नेहमीच्या उपचारांत 6.7 दिवस लागले, रोज 50 मिलिग्रॅम झिंक घेणाऱ्यांना 5.9. हा फरक योगायोगानेही पडू शकतो एवढाच होता, आणि पुढे काही निष्पन्न होणार नाही म्हणून चाचणी मध्येच थांबवली गेली. पण तेही दहा दिवसांचंच औषध होतं. आम्ही डॉक्टरांनी सुरू केलं आणि "बंद करा" हे सांगायचं राहून गेलं. मामांच्या बाजूचा पुरावाही सांगतो, म्हणजे पक्षपात नको. त्याच डॉ. प्रसादांनी 55 ते 87 वयाच्या 50 जणांवर वर्षभर 45 मिलिग्रॅम झिंक देऊन पाहिलं होतं. झिंक घेणाऱ्यांना संसर्ग कमी झाले. चाचणी छोटी, पण खरी. वय झालेल्या आणि मधुमेहात लघवीवाटे झिंक घालवणाऱ्या माणसाला ते कमी पडू शकतं, हे मला मान्य आहे. म्हणून मुद्दा मात्रेचा आणि मुदतीचा.

झिंक जास्त झालं की आतड्याच्या पेशी एक प्रथिन तयार करतात, जे झिंकपेक्षा तांब्याला जास्त घट्ट धरतं. ती पेशी दोन-चार दिवसांत गळून पडते आणि तांबं तिच्याबरोबर शौचावाटे निघून जातं. असं महिनोन् महिने झालं की रक्तपेशी कमी होतात. त्यात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर पहिली धाव घेणाऱ्या पांढऱ्या पेशीही आल्या. प्रतिकारशक्ती वाढवायला घेतलेली गोळी तीच खाली आणते! डोळ्यांच्या पडद्याच्या आजारासाठी अमेरिकेत 2001 ची एक प्रसिद्ध चाचणी झाली, तिच्यात 80 मिलिग्रॅम झिंक होतं. पण त्यांनी त्याच गोळीत 2 मिलिग्रॅम तांबं मुद्दाम घातलं होतं. मामांच्या 'झिंक 50' मध्ये ते बहुधा नसणार.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक आले होते. मधुमेह जुना, पायाला मुंग्या, चालताना तोल जायचा. सगळ्यांनी साखरेवर ढकललं, मग बी-12 ची इंजेक्शनं झाली. हिमोग्लोबिन 8, लोह देऊन हलेना, पांढऱ्या पेशी 2,400. तीन भेटी झाल्या तरी औषधांच्या यादीत झिंक नव्हतं, कारण "ती काय औषध नाही, ताकदीची गोळी आहे". चौथ्या भेटीत त्यांच्या पत्नीने पिशवी उलटी केली. दिवसाला दोन, तीन वर्षं. तांब्याची पातळी अगदी तळाला. झिंक बंद करून तांबं दिल्यावर दोन-अडीच महिन्यांत रक्त सुधारलं. पायाची बधिरता मात्र पूर्ण गेली नाही, आजही काठी लागते.

मामांची वेळ तशी आली असेलच असं नाही. दिवसाला एक घेणाऱ्या कित्येकांना काहीही होत नाही. पण गोळीच्या पट्टीवर बारीक अक्षर वाचा: झिंक सल्फेट किती लिहिलंय ते नको, एलिमेंटल झिंक किती ते बघा. मोनोहायड्रेट सल्फेटच्या 55 मिलिग्रॅममध्ये खरं झिंक 20 असतं. त्यामुळे 'झिंक 50' चा 50 कशाचा आहे, हे पट्टी वाचल्याशिवाय कळत नाही. एलिमेंटल 50 असेल तर आजपासून बंद. त्यांची बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल चालू असेल तर तिच्यातही बऱ्याचदा वीसेक मिलिग्रॅम असतं, तीही मोजा. कवळी बसवायला काही लावत असतील तर त्या ट्यूबवरही झिंक लिहिलंय का बघा.

मग एक साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून घ्या, बोटाएवढं रक्त, कुठल्याही लॅबमध्ये होतो. पांढऱ्या पेशी 4,000 च्या वर आणि हिमोग्लोबिन ठीक असेल, पायाला मुंग्या नसतील, तर पुढे काही करायचं नाही. पेशी कमी असतील किंवा चालताना तोल जात असेल तर रक्तातलं तांबं आणि सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे तांबं वाहून नेणारं प्रथिन, तपासावं लागेल, तो नमुना बाहेर पाठवतात, चार-पाच दिवस लागतात. येताना मामांची सगळी औषधं, ताकदीची, पोटाची, कुणी आणून दिलेली, एका पिशवीत घालून आणा. यादी लिहून आणू नका, पिशवीच आणा.